आधी पानं उघडा, मग बोला

मंडळी, विषय जाहीर झालाय ‘पोकरमध्ये पानं दाखवण्याचे नियम’. पहिल्या रांगेतल्या काकूंचा चेहरा पाहून सांगतो, मी जुगार शिकवायला आलेलो नाही. आणि गणपतीच्या जागरणाला तीनपत्ती कुटणाऱ्यांनी तर माझ्याकडे असं बघूच नये. माझं म्हणणं एवढंच, की दुसऱ्याची पानं बघायचा हक्क विकतचा असतो. पैसे मोजलेत ना, मग माल बघितल्याशिवाय दुकानातून हलू नका. मी हललो होतो. तेच आधी सांगतो.

पणजीला मांडवीतल्या एका कॅसिनो बोटीवर टेक्सास होल्डेम चाललं होतं, म्हणजे प्रत्येकाच्या हातात दोन पानं आणि टेबलावर सगळ्यांची मिळून पाच, असं पोकर. माझ्या हातात राजा-गुलाम, टेबलावरही राजा आणि गुलाम. दोन जोड्या! पण टेबलावर बदामही तीन. शेवटचं पान पडलं. त्या पानाला म्हणतात रिव्हर; नदीत बसून रिव्हरमध्ये बुडालेला मी पहिला नसेन. समोरच्या गृहस्थांनी दणकून चिप्स लावल्या, मी तेवढ्या सारल्या आणि म्हटलं ‘कॉल’. अशा वेळी आधी पानं उघडायची ती शेवटी पैसे लावणाऱ्यानं, म्हणजे त्यांनी. पण गृहस्थ नुसतेच म्हणाले, ‘फ्लश.’ म्हणजे आपला कलर, इथं एकाच चिन्हाच्या पाच पानांचा. मी हिरमुसून माझी पानं पालथीच पुढे ढकलली. डीलरनं ती टाकलेल्या पानांत मिसळली. मग गृहस्थांनी पानं उलटली: एक बदाम, एक चौकट. दोन्ही लाल! चष्मा खिशात. हातात कशीबशी एक जोडी.

मी उसळलो. पोकरमध्ये तोंडानं सांगितलेलं धरत नाहीत, उघडी पानं धरतात. पण माझी पानं होती कुठं? ढिगात गेलेली पानं मेली. सुपरवायझर आला, त्यानंही अत्यंत नम्रपणे हेच सांगितलं. तो बरोबर होता, राग त्याचाच आहे. घरी फोन केला तर बायको म्हणाली, “भाजीवालीकडून सुटे मोजून घेतोस ना?”

आपल्या तीनपत्तीत हे शहाणपण आहे. दोघंच उरल्याशिवाय शो नाही, शो मागणाऱ्यानं पैसे टाकायचे, आणि पानं सारखी निघाली तर हरतो तोच, मागणारा. उत्सुकतेचा दंड!

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, जाहीर झालेला विषय आता उरकतो.

बाकी सगळ्यांनी पानं टाकली, तर जिंकणाऱ्यानं काही दाखवायचं नसतं. २००३ साली लास व्हेगासला पोकरच्या मोठ्या स्पर्धेत, वर्ल्ड सिरीजमध्ये, शेवटी दोघं उरले. सॅमी फारहाकडे नव्वीची जोडी, समोर ख्रिस मनीमेकर (आडनाव खरंच हे!), हातात शून्य, आणि त्यानं सगळ्या चिप्स पुढे लोटलेल्या. फारहानं पानं टाकली. मनीमेकरला दाखवायची सक्ती नव्हती. थाप दिसली ती टीव्हीवाल्यांना. पंचवीस लाख डॉलर घेऊन गेला.

दुसरं, शेजाऱ्याला गुपचूप पान दाखवलंत तर टेबलावरचा कुणीही म्हणू शकतो, सगळ्यांना दाखवा. स्पर्धेत कुणी सगळ्या चिप्स लावल्या आणि पुढे बोली उरली नाही, की दोघांची पानं लगेच उताणी. नाहीतर मित्राला मुद्दाम चिप्स सोडणारे निघतात.

आणि स्लो रोल. आपण जिंकलोय हे ठाऊक असून एकेक पान सावकाश उघडायचं. नियमात बसतं, पण टेबलावर त्या माणसाशी पुन्हा कुणी धड बोलत नाही. आमच्या आत्याबाई तीन एक्के असेच उघडतात. आधी एक, मग पाणी पितात.