बोल्टवरच्या ओहोटीच्या रेषा

श्रोतेहो, नमस्कार.

मिरकरवाडा बंदरात एका तांडेलाने माझ्या हातावर इंजिनाच्या पायाचा तुटका बोल्ट ठेवला. "साहेब, गेल्या दिवाळीत बदललेला. कसा तुटला?" तुटलेलं तोंड उजेडात धरलं. बराचसा भाग गुळगुळीत, त्यावर ओहोटीनंतर पुळणीवर उमटतात तशा एकामागे एक रेषा. उरलेला कोपरा खडबडीत, दाणेदार. म्हणजे चीर हादऱ्या-हादऱ्याने तिळातिळाने सरकत गेली आणि शेवटी उरलेल्या तुकड्याला भार पेलवला नाही. हा धातूचा शीण.

"नवा किती टिकेल?" हा पुढचा प्रश्न मात्र कठीण.

समुद्राचे हादरे एका मापाचे नसतात. ते मोजायची रीत १९६८ मध्ये जपानच्या मात्सुइशी आणि एंडो यांनी मांडली. ताणाचा आलेख उभा धरायचा आणि पॅगोड्याच्या छपरांवरून पाणी ओघळावं तसा त्याचा माग काढायचा. आपल्या कौलारू घरांच्या पागोळ्या बघणाऱ्याला हे लगेच उमजेल. मग प्रत्येक हादऱ्याचं नुकसान, म्हणजे त्याने बोल्टच्या आयुष्याचा किती हिस्सा खाल्ला ते, मांडून बेरीज करायची. ती १ झाली की तुटायची वेळ आली. प्रत्यक्षात कधी १ च्या आधी तुटतं, कधी नंतर.

खरी मेख पुढे आहे. नुकसान ताणाच्या घाताने वाढतं. वेल्डिंगच्या जोडांना हा घातांक ३ धरतात, बोल्टलाही इथे तोच घेऊ. ताण दुप्पट झाला की नुकसान आठपट! ताण १० टक्के जास्त मोजलात, तर नुकसान ३३ टक्के जास्त निघतं. त्यामुळे थोड्याच मोठ्या लाटा बहुतेक नुकसान करून जातात आणि खाडीतल्या शांत पाण्यात दहा मिनिटं मोजून काढलेला आकडा फसवा ठरतो.

म्हणून मी वेगवेगळ्या दिवशी नोंदी घेतो. प्रत्येक नोंदीचं नुकसान एकेका चिठ्ठीवर. डब्यातून चिठ्ठी काढायची, आकडा टिपायचा, चिठ्ठी परत टाकायची. जितक्या चिठ्ठ्या तितक्या वेळा, मग सरासरी. संगणक हा खेळ हजारो वेळा करतो आणि सरासरी किती मागेपुढे होते ते दाखवतो. पण डब्यात नसलेली चिठ्ठी कधीच निघत नाही. मे अखेरचं खवळलेलं पाणी नोंदवलं नसेल, तर उत्तर कितीही नीटस दिसलं तरी मी त्यावर विसंबणार नाही. शिवाय एकाच गठ्ठ्यातले बोल्टसुद्धा सारखे टिकत नाहीत, ती तफावत वेगळी.

तांडेलाला म्हटलं, "काका, एक हंगाम जाईल, नाहीतर तीन. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होडी वर असेल तेव्हा काढून बघूच. पण बाकीचे तीन आज काढा."

ते पाना घेऊन खाली उतरले. तिसऱ्या बोल्टच्या आट्यांच्या मुळाशी केसाएवढी चीर होती.