ब्रह्मलोकाचा पाळणा

श्रोतेहो, नमस्कार.

काळात मागंपुढं फिरण्याच्या गोष्टी आपल्याला नव्या नाहीत. भागवताच्या नवव्या स्कंधात ककुद्मी राजाची कथा आहे. हा कुशस्थलीचा राजा आपल्या मुलीला, रेवतीला, बरोबर घेऊन ब्रह्मलोकात जातो, तिच्यासाठी स्थळ विचारायला. तिथं गंधर्वांचं गाणं रंगात आलेलं. मध्येच कसं बोलायचं, म्हणून राजा जरासा थांबतो. गाणं संपल्यावर मनातली मुलं एकेक करून सांगतो, तर ब्रह्मदेव हसून म्हणतो, अरे, ती मुलं, त्यांचे मुलगे, नातू, पणतू, कोणी म्हणून उरलं नाही. सत्तावीस चतुर्युगं उलटली. एक चतुर्युग ४३ लाख २० हजार वर्षांचं. म्हणजे एवढ्याशा खोळंब्यात पृथ्वीवर ११ कोटी ६६ लाखांहून जास्त वर्षं सरली! पुढं रेवतीचं लग्न बलरामाशी लागतं. विष्णुपुराण सांगतं, ती त्याच्या मानानं फारच उंच होती, म्हणून त्यानं नांगराच्या टोकानं तिला ठेंगणी केली. जुन्या युगातली माणसं उंच, हा बारकावा कथा सांगणाऱ्यानं विसरला नाही, याचं मला फार कौतुक वाटतं.

या रेवतीवरून मी एक गोष्ट रचली आहे. ती सांगायला आज तुमच्यापुढं आले आहे.

गोष्टीतल्या बाईचं नावही रेवतीच. सांगलीत शाळेत मराठी शिकवते. नवरा वायरमन. हरिपूरच्या रस्त्याला एक पौराणिक उद्यान झालं आहे, म्हणजे मी ते गोष्टीपुरतं बांधलं आहे. समुद्रमंथनाचा झोका, पुष्पक विमानाचा आकाशपाळणा, फायबरचा दहातोंडी रावण. बटण दाबलं की तो डोळे लाल करून हसतो, दर वेळी तेच हसू. दिव्यांचं सगळं काम नवऱ्याच्या हातचं, त्यामुळं बायकोला फुकट पास. रेवती सगळं बघते आणि म्हणते, "अहो, रावण छान आहे, पण तो माझ्याकडं बघतच नाही हो."

शेवटचा पाळणा ब्रह्मलोकाचा. अंधारा बोगदा, धूर, सतारीची टेप. दारावर पाटी : गाणं संपेपर्यंत थांबू नये. दोघं बसतात, बोगद्यात वीज जाते, आणि बाहेर पडतात ती सांगलीतच.

पण आयर्विन पूल दिसत नाही. तो १९२९ चा. मार्केट यार्ड नाही, गाड्यांचे हॉर्न नाहीत. कृष्णा तेवढी जागच्या जागी. लोक लगबगीनं राजवाड्याकडं निघालेत, त्यांच्या मागून ही दोघं. नवऱ्याची नजर सवयीनं तिकिटाची खिडकी शोधते. खिडकी कुठली असणार? तारीख आहे ५ नोव्हेंबर १८४३, आणि खेळ आहे सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्यापुढं, विष्णुदास भाव्यांचा 'सीतास्वयंवर'.

श्रोतेहो, इथं मला जरा रेंगाळू द्या. आदल्या वर्षी कर्नाटकातून भागवत मंडळी, म्हणजे पुराणातल्या कथांचे खेळ करणारी माणसं, सांगलीला येऊन गेली होती. तसंच काही, पण आपल्या भाषेत आणि जास्त नेटकं करा, असं आप्पासाहेबांनी संस्थानच्या नोकरीतल्या भाव्यांना सांगितलं. समोर कित्ता म्हणून मराठी नाटक नव्हतं. भाव्यांनी पदं रचली, पोरं गोळा केली, त्यांना उभं राहायला, चालायला शिकवलं. पदं सगळी सूत्रधार म्हणायचा. राम, सीता, जनक आपापलं बोलणं ऐन वेळी, मनानं बोलायचे. लिहिलेली भाषणं नव्हतीच. राक्षस आरोळ्या ठोकत यायचे, म्हणून पुढं या नाटकांना 'अलल्लडुर्र' असं नाव पडलं. ते नाव हसण्यावारी घेतलेलं मला आवडत नाही. त्या आरोळीनं दरबारात बसलेल्या माणसाच्या अंगावर काटा आणायचा होता, आणि तोही नुसत्या गळ्याच्या जोरावर.

तर नवरा पडद्याच्या मागं शिरतो. कसबी माणूस, त्याला आतलं बघायचं असतं. तिथं सीता होणारा मुलगा बसला आहे, बारा-तेरा वर्षांचा. तोंडाला पिवडी लावलेली, एका डोळ्यात काजळ झालेलं, दुसरा राहिलेला. भुकेनं कासावीस. रेवती पिशवीतून भडंगाचं पाकीट काढते. चिरमुरे तो ओळखतो, पाकीट ओळखत नाही. बोटांनी चुरगाळून कानाशी धरतो, आवाज ऐकतो, परत चुरगाळतो. मग रंग पुसू नये म्हणून ओठ लांब काढून एकेक चिरमुरा दातांनी उचलतो.

"भीती वाटते का रे बाळ?" रेवती विचारते.

"बोलायची नाही वाटत," तो म्हणतो. "हसू यायची वाटते. सरकार समोर आहेत."

धनुष्य कोपऱ्यात उभं. नवरा हात फिरवतो. मधोमध सांधा, सांध्यात लाकडी खुंटी. रामानं अंगठ्यानं ती ढकलायची की दोन तुकडे! तार नाही, मोटर नाही. त्याला वाटतं, आता मर्म कळलं, खेळात राम राहिला नाही. तो बाहेर येऊन बसतो.

टाळ-मृदंग सुरू होतात. मंगलाचरण, मग गणपती येतो, मग मोरावरची सरस्वती. विदूषक सूत्रधाराला नाही नाही ते विचारून भंडावतो. एकेक राजा धनुष्याला हात घालून मागं सरतो. मग राम उठतो. खुंटी कुठं आहे हे ठाऊक असलेला आमचा वायरमन श्वास धरून बसला आहे, आणि धनुष्य मोडल्यावर सगळ्यांच्या आधी तोच ओरडतो. सीता माळ घेऊन पुढं येते. तिला हसू येत नाही. एका डोळ्यातलं काजळ थोडं फराटलं आहे, तरी ती सीताच आहे.

माझं सगळं म्हणणं या जागेपाशी आहे. पौराणिक उद्यानं उभी करणाऱ्यांनी मूर्ती उंच कराव्यात, दिवे लावावेत, त्याला माझी ना नाही. पण पोरांच्या डोळ्यांत डोळे घालून बोलणारा एक सूत्रधार तिथं हवा. समोरच्यांचा नूर पाहून पद लांबवणारा, बोलणं बदलणारा. आप्पासाहेब १८५१ मध्ये गेले, संस्थानचा आधार तुटला. भावे मंडळी घेऊन बाहेर पडले आणि १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून खेळ केले. फिरतीवर गावोगावी माणसं पदरचे पैसे मोडून बघायला येत, ती पडद्यासाठी आणि मुकुटासाठीच येत होती, असं मला वाटत नाही.

इकडं सूत्रधार शेवटचं पद घेतो. नवऱ्याला पाटी आठवते. "अगं चल, गाणं संपायच्या आत निघायला हवं." रेवती हलत नाही. ककुद्मी का थांबला, ते तिला आता कळतं. "एवढं एक कडवं," ती म्हणते. मग आणखी एक. पद संपतं.

बोगद्यातून दोघं बाहेर येतात तेव्हा सांगलीत ५ नोव्हेंबर २०४३ आहे, त्या खेळाला दोनशे वर्षं पुरी. आयर्विन पूल आहे. उद्यानाचं फाटकही आहे, पण फायबरचा रावण दिसत नाही. त्याच्या जागी मांडव आहे, आतून मृदंग ऐकू येतो आहे, आणि बाहेर एक पोरगा टेबल टाकून बसला आहे. त्याच्या एका डोळ्यात काजळ आहे.

"दोन द्या," नवरा म्हणतो. "स्वयंवराची."

"काका, नऊचा खेळ भरला. अकराचा चालंल का?"