स्टॉकहोम नव्हे, कोपनहेगन

श्रोतेहो, नमस्कार.

स्कॅन्डिनेव्हियाचं संगीत म्हटलं की आपल्याकडे कुणाला अ‍ॅबा आठवतो, कुणाला रॉक्सेट, कुणाला 'बार्बी गर्ल'वाले अ‍ॅक्वा. होस्टेलच्या गच्चीवर गिटार घेऊन कुणावर तरी छाप पाडू बघणाऱ्यांना मायकल लर्न्स टू रॉक तोंडपाठ असायचे. यातले पहिले दोन स्वीडनचे, नंतरचे दोन डेन्मार्कचे. पण पॉपची राजधानी स्टॉकहोम हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं होतं, आणि ते चुकीचंही नव्हतं. गीतकार-निर्माता मॅक्स मार्टिन तिथलाच. ब्रिटनी स्पीअर्सपासून टेलर स्विफ्टपर्यंत अमेरिकेची कितीतरी हुकमी गाणी या माणसाच्या हाताखालून गेली आहेत.

गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र त्या भागातून आलेलं जे संगीत माझ्या कानात टिकलं, ते बहुतेक कोपनहेगनमधून आलेलं आहे. तेव्हा आज जास्त बोलणं त्याविषयी. आइसलंड आणि फिनलंड बाजूला ठेवतो; आइसलंडच्या ब्यर्क या गायिकेविषयी बोलायचं तर वेगळा दिवस हवा.

सुरुवात स्मर्झ या जोडीपासून करू. कॅथरिना स्टोल्टेनबर्ग आणि हेन्रिएत्ता मोट्झफेल्ट या दोघी मूळ ऑस्लोच्या, पण संगीतकार म्हणून घडल्या त्या कोपनहेगनमध्ये. त्यांचा 'बिग सिटी लाइफ' हा अल्बम मे २०२५ मध्ये आला. पहिल्यांदा ऐकताना वाटतं, अरे, हे अर्धवटच सोडलंय की! ड्रम कोरडे, पियानोचे मोजके सूर, आणि वर दोघींचा आवाज. मैत्रिणीला फोनवर 'निघालीस का गं?' विचारावं तितक्या सहज त्या गातात. विषयही तसेच: संध्याकाळी बाहेर पडायचंय, काय घालायचं, कोण येणार, तो येणार का. २०२१ च्या 'बिलीव्हर' या अल्बममध्ये त्यांनी तुटक ठेके, शास्त्रीय वाद्यं, नॉर्वेची लोकधून असं बरंच काही एकत्र कोंबलं होतं, आणि खरं सांगायचं तर ऐकताना दम लागायचा. इथे त्यांनी सामान कमी केलं. 'यू गॉट टाइम अँड आय गॉट मनी' या संथ गाण्यात व्हायोलिनं येतात, पण रडारड होत नाही. तुझ्याकडे वेळ आहे, माझ्याकडे पैसे आहेत, चल. प्रेमाची इतकी व्यवहारी मागणी मी तरी आधी ऐकली नव्हती.

दुसरं नाव डेन्मार्कची गायिका-गिटारवादक एम. एल. बूक. तिचा 'सनटब' ऑक्टोबर २०२३ मध्ये आला. तेव्हा फार गाजावाजा झाला नाही, पण एकाने दुसऱ्याला ऐकवत ऐकवत तो पसरत गेला. हा गिटारचा अल्बम आहे. गिटार तिने नेहमीपेक्षा वेगळ्या सुरांत लावलेली आहे, आणि त्या गिटारचा आवाज इतका गुळगुळीत केलाय की काही ठिकाणी ही गिटार आहे की संगणकातून आलेलं काही, याचा पत्ता लागत नाही. नव्वदच्या दशकातला अमेरिकन रॉक काचेवरून ओघळतोय असं वाटतं. आणि गाणं तिने ध्वनिमुद्रित केलं ते समुद्रकिनाऱ्याजवळ गाडी उभी करून, गाडीतच बसून. एकांत हवा होता, गाडीने तो दिला. ते कळल्यावर त्या आवाजातलं मोकळंपण जास्तच जाणवायला लागतं, हे कबूल करतो.

आता हे सगळं कोपनहेगनमध्येच का पिकलं? एक उत्तर तिथल्या रिदमिक म्युझिक कॉन्झर्व्हेटरीत सापडतं. १९८६ साली सुरू झालेली ही सरकारी संस्था होल्मेन भागात, नौदलाच्या जुन्या तळाच्या परिसरात आहे. अभिजात संगीताच्या शाळांमध्ये जॅझ, रॉक, पॉप यांना जागा नव्हती, त्यांच्यासाठी ती काढली. दुसऱ्याची गाणी घोटून घेण्यापेक्षा स्वतःचं काहीतरी करून आण, यावर तिथे भर असतो. युरोपीय महासंघातल्या विद्यार्थ्यांना फी नाही, आणि डॅनिश विद्यार्थ्यांना तर शिकताना सरकारकडून दरमहा पैसे मिळतात. म्हणजे पंचविशीतल्या माणसाला दोन-तीन वर्षं विचित्र काहीतरी करून बघायची मुभा. आज मी ज्यांची नावं घेतोय, त्यांतल्या कोपनहेगनच्या बहुतेक जणी या ना त्या वेळी त्या इमारतीतून गेलेल्या आहेत.

सरकारी पैसा आला की चांगलं संगीत येतंच असं नाही. अनुदानावर पोसलेलं कंटाळवाणं संगीतही युरोपात भरपूर आहे. इथे जमलंय ते या बायका एकमेकींचं ऐकतात म्हणून. मोलिना या गायिकेच्या 'ऑर्गन्स' गाण्यात मध्येच एम. एल. बूकचा आवाज येतो, आणि एका अल्बमचं दार दुसऱ्या अल्बमात उघडल्यासारखं होतं.

आस्त्रिद सोन्ने बोर्नहोल्म बेटावर वाढली आणि व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचं थोडं मोठं भावंड, शिकली. आधी ती वाद्यसंगीतच करायची. जानेवारी २०२४ च्या 'ग्रेट डाउट'मध्ये ती पहिल्यांदा मनापासून गायला पुढे आली. एका गाण्यात मूल हवंय की नको हा प्रश्न आहे, बाजूला ठोकळ्यासारखे ड्रम, आणि उत्तर काही मिळत नाही. छोटा अल्बम आहे, एका बैठकीत होतो.

एरिका दे कासिएरचा जन्म पोर्तुगालचा, लहानपणी ती डेन्मार्कला आली. तिची गाणी नव्वदीच्या अखेरीच्या अमेरिकन आर अँड बीच्या वळणाची, पण ती कधीही आवाज चढवत नाही. तुम्हाला तिचं नाव माहीत नसेल, तुमच्या घरातल्या मुलीला मात्र तिचं गाणं नक्की माहीत असेल: न्यूजीन्स या कोरियन गटाचं २०२३ मधलं 'सुपर शाय' लिहिणाऱ्यांत ती आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिचा 'स्टिल' हा अल्बम आला. मग मे २०२५ मध्ये फारशी पूर्वसूचना न देता, स्वतःच्याच रेकॉर्ड लेबलवरून, 'लाइफटाइम'. मला दुसरा जास्त आवडला, कारण त्यात पाहुणे कलाकार नाहीत.

रेडिओवर बोलतोय म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. डॅनिश आकाशवाणीची पी-६ बीट नावाची वाहिनी अशाच, बाजाराबाहेरच्या संगीतासाठी आहे. २०१८ मध्ये खर्चकपातीत ती बंद करायचं ठरलं. कलाकार आणि श्रोते दोघेही खवळले. पुढच्या वर्षी निर्णय फिरला आणि वाहिनी वाचली. नॉर्वेच्या सरकारी रेडिओचा 'उर्यर्त' नावाचा उपक्रम तर याच्याही आधीच्या पायरीवर सुरू होतो: ज्यांच्यामागे कुठलीच कंपनी नाही, त्यांनी आपली गाणी तिथे चढवावीत, रेडिओवाले ऐकतात, चांगलं असेल तर वाजवतात.

स्वीडनला मी अगदीच निकालात काढत नाहीये. तिथल्या रॉकची तब्येत उत्तम आहे. स्टॉकहोमचा एक बँड आहे, ज्याचं नाव सकाळच्या प्रसारणात घेताना निवेदकाची पंचाईत व्हावी: वायग्रा बॉइज. त्यांचा गायक सेबॅस्टियन मर्फी कॅलिफोर्नियातून किशोरवयात स्वीडनला आला, आणि पोटापाण्यासाठी लोकांच्या अंगावर टॅटू काढायचा. एप्रिल २०२५ च्या त्यांच्या अल्बमचं नाव म्हणजे बँडचंच नाव, फक्त अक्षरांमधली मोकळी जागा चुकीच्या ठिकाणी टाकलेली. मागे सॅक्सोफोन बेभान वाजत असतो आणि पुढे हा माणूस स्वतःचीच टर उडवत असतो. एक गाणं तर त्याच्या कुत्र्याच्या नजरेतून आहे, आणि विनोद ओसरल्यावर ते चक्क हळवं निघतं. फागेर्स्टा या कारखान्यांच्या गावातला रॉक बँड द हाइव्ज ऑगस्ट २०२५ मध्ये नवा अल्बम घेऊन पुन्हा आला. त्यांनी वीस वर्षांपूर्वी जे केलं तेच पुन्हा केलंय, आणि तक्रार करायला जागा नाही.

आणि स्वीडनचीच पॉप गायिका रोबिन. २००५ साली तिच्या रेकॉर्ड कंपनीला तिने 'द नाइफ' या भावंडांच्या जोडीबरोबर केलेलं गाणं रुचलं नाही, म्हणून तिने करारातून स्वतःची सोडवणूक केली आणि कोनिचिवा रेकॉर्ड्स हे स्वतःचं लेबल काढलं. आज स्वतःचं लेबल काढणाऱ्या तरुण गायिकांना हे नेहमीचं वाटेल. तेव्हा पॉपच्या दुनियेत ते धाडस होतं. २०१८ च्या 'हनी' या अल्बमनंतर तिचं स्वतःचं नवं गाणं, 'डोपामीन', थेट नोव्हेंबर २०२५ मध्ये आलं. सात वर्षं लागली. पण ठेका सुरू होतो आणि बाई कुठेही गेल्या नव्हत्या असं वाटतं.

नॉर्वेची गायिका येनी ह्वाल मुद्दाम शोधून ऐका. मे २०२५ च्या तिच्या अल्बमचं नाव 'आयरिस सिल्व्हर मिस्ट', आणि ते एका अत्तराचं नाव आहे. महासाथीत कार्यक्रम बंद पडले तेव्हा ती वासांच्या नादी लागली. घामट सभागृहं, सिगरेटचा धूर, रंगमंच हे सगळं मग गाण्यात वासावाटे येतं. डोक्यावरून जाईल असं वाटतं, पण चाली गोड आहेत.

नॉर्वेच्याच अरोरा या गायिकेला तुमच्यापैकी काहींनी प्रत्यक्ष पाहिलं असेल, कारण मार्च २०२५ मध्ये ती लोलापलूझा या संगीत महोत्सवासाठी मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर गाऊन गेली. जून २०२४ चा तिचा 'व्हॉट हॅपन्ड टू द हार्ट?' मला थोडा लांबलेला वाटतो, पण मोकळ्या मैदानात तो आवाज पुरून उरतो. स्मर्झचं तसं होणार नाही. त्यांना रेसकोर्सवर उभं केलं तर तिसऱ्या रांगेपलीकडे काही पोचायचं नाही. त्यांच्यासाठी नरिमन पॉइंटला एनसीपीएचं एक्स्पेरिमेंटल थिएटर बरं पडेल: लहान, गाणारा माणूस चार हातांवर. कुणी आयोजक ऐकत असतील तर सुचवून ठेवतो. पहिली दोन तिकिटं मी घेतो.

नमस्कार.