तुरा बघा, मग जीभ बघा

नमस्कार श्रोतेहो. चार वर्षांपूर्वी आठवडी बाजारातून मी एक काळं पिल्लू आणलं. विकणारा म्हणाला, "घ्या दादा, अस्सल झाबुआचा कडकनाथ." कडकनाथ म्हणजे मध्य प्रदेशातल्या झाबुआकडची कोंबड्यांची काळी जात. भाव गावरानाच्या तिप्पट. पिल्लू डालग्याखाली वाढलं, अंगावर काळी कुळकुळीत पिसं चढली. पाचव्या महिन्यात ते आरवायला लागलं आणि त्याच सुमाराला डोक्यावर तुरा फुलला, जास्वंदीसारखा लालभडक! आई म्हणाली, "तुझ्या कडकनाथाला कुंकू लागलंय की रे."

तेव्हापासून मी कोंबड्याची पिसं शेवटी बघतो. आपल्याकडे पहिला प्रश्न रंगाचाच असतो आणि फसवणूकही रंगातच होते. कडकनाथाचं म्हणाल तर त्याची पिसं सोनेरी झाकेची किंवा पांढऱ्या रेघांचीसुद्धा असतात. काळं असतं ते आतलं. तुरा काळा किंवा जांभळट, पायाची नळी काळी, पिसं फुंकून बाजूला केली तर खालची कातडी काळी. तरी शंका उरली तर तिन्हीसांजेला कोंबडा खुराड्यात शिरला की हळूच हातात घ्या. त्या वेळी तो सुस्त असतो, फडफड करत नाही. चोच उघडा आणि बॅटरीच्या उजेडात जीभ बघा. माझ्या पठ्ठ्याची जीभ गुलाबी निघाली. आणि हो, कडकनाथाची अंडी काळी असतात असं सांगून कुणी विकायला आलं तर त्याला वाटेला लावा. ती मळकट पांढरी, फिकट तपकिरी अशीच असतात.

आता साध्या परसातल्या कोंबड्याकडे वळू. त्याचा तुरा एकेरी, म्हणजे करवतीसारखा दातेरी आणि उभा आहे का? की डोक्याला चिकटून तीन बुटक्या रांगा, मटाराचे दाणे ओळीनं बसवल्यासारख्या? हा दुसरा तुरा असीलाचा. असील म्हणजे झुंजीसाठी जोपासलेली जात. मान लांब, छाती वर काढून ताठ उभा राहणार, चोच आखूड नि जाड, गळ्याखालची लाल लोंबती कातडी जवळजवळ नाहीच. गंमत अशी, की हा मटारी तुरा पिल्लांमध्ये एकेरी तुऱ्यावर मात करतो. गावात कुणी एकदा असील आणून सोडला, तर पुढे कित्येक पिढ्या कुठल्यातरी वाड्यातल्या साध्या कोंबड्याच्या डोक्यावर त्याची खूण दिसत राहते, बाकी अंग अगदी गावठी असलं तरी.

बिनपिसाच्या मानेचंही तसंच. काही जण अशा कोंबड्याला आजारी समजून औषध विचारायला येतात! तो आजार नाही, वाण आहे. मान सगळीच उघडी असेल तर तो गुण आई-बाप दोघांकडून आलाय. गळ्यापुढे पिसांचा एखादा झुबका राहिला असेल तर एकाकडूनच. उन्हाळ्यात हे पक्षी इतरांपेक्षा कमी धापा टाकतात.

नळी पिवळी, अंग गडद तांबडं, शेपटी काळी पण उन्हात हिरवी चमकणारी, तुरा एकेरी, असं दिसलं तर ऱ्होड आयलंड रेड या विदेशी जातीचं रक्त समजावं. कानापाशी मोठा पांढराशुभ्र ठिपका असेल तर बहुधा लेगहॉर्न ही दुसरी विदेशी जात कुठेतरी मिसळलीय.

खरी पंचाईत सुधारित वाणांची. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाचा गिरिराज, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेचा वनराज. हे परसासाठीच तयार केलेत, त्यामुळे दिसायला रंगीबेरंगी, गावरानासारखेच. ओळख पटते ती तराजूवर. गावरान नर चार महिन्यांत किलोभर भरतो, हे त्याच्या दुपटीच्या आसपास जातात. पण असा कोंबडा पैदाशीला ठेवून तसलीच पिल्लं मिळतील या आशेवर राहू नका. ती एकसारखी निघत नाहीत, म्हणून पिल्लं दर वेळी उबवणी केंद्रातूनच आणावी लागतात.

नंदुरबार-धुळ्याच्या श्रोत्यांना मात्र एक सांगतो. तुमच्याकडची बुसरा ही, पाळीव जनावरांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेनं नोंदवलेली खरी जात आहे. वाढ बेताची, तुरा एकेरी लाल, बहुधा पांढऱ्या अंगावर मानेपाशी, पाठीवर आणि शेपटीत काळी पिसं, खांद्यांवर आणि पंखांवर तांबूस. तिला नुसती "गावठी" म्हणून बाजारात काढू नका. बाकी आपल्या बहुतेकांच्या दारातला कोंबडा कुठल्याच एका जातीचा नसतो. तुरा एकाचा, नळी दुसऱ्याची, तोरा स्वतःचा.

माझा तो लाल तुऱ्याचा कडकनाथ अजून खुराड्यात आहे. गेल्या पावसाळ्यात खुडूक कोंबडीखाली त्याची अकरा पिल्लं निघाली. परवा संध्याकाळी बॅटरी घेऊन एकेकाची चोच उघडत बसलो होतो. नर सगळे गुलाबी. तलंगांपैकी एकीची जीभ मात्र शाईत बुडवल्यासारखी. बाजारातला तो माणूस अगदीच खोटं बोलला नव्हता, आजोबा झाबुआकडचे होते म्हणायचे!