खाडीचा नकाशा वाचताना भरती विचारा

(पडद्यावर: ठाणे खाडीचं उपग्रहचित्र)

ही ठाणे खाडी. डावीकडे भांडुप-विक्रोळी, उजवीकडे ऐरोली-वाशी. काठांवरचा लाल पट्टा खारफुटीचा. पानं जवळचे अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे, किरण जोरात परावर्तित करतात आणि अशा चित्रांत त्या किरणांना लाल रंग देतात, म्हणून ही झाडं लाल दिसतात.

जमिनीची चित्रं घेणाऱ्या अमेरिकेच्या लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह १९७२ साली गेला, आपला आयआरएस-१ए १९८८ साली. १९८२च्या लँडसॅट ४पासून चित्रातला एक ठिपका जमिनीवरच्या ३० बाय ३० मीटरचा झाला. २००८मध्ये लँडसॅटचा संग्रह सर्वांना मोफत खुला झाला. नवी मुंबई कशी पसरत गेली, हे आज कॉलेजातली मुलंही घरबसल्या तपासू शकतात.

(पडद्यावर: त्याच जागेची दोन वर्षांची चित्रं, शेजारी शेजारी)

दोन चित्रांत फरक दिसतोच. तो जमिनीतला फरक आहे का, हे मात्र आधी पाहावं लागतं. लँडसॅट मुंबईवरून सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास जातो. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. उधाणाला इथे पाणी चार मीटरच्या वर चढतं. आधीचं चित्र सुकतीचं, म्हणजे ओहोटीचं, आणि नंतरचं भरतीचं निघालं, तर नंतरच्या चित्रात काठचा सगळा चिखल पाण्याखाली जातो, आणि संगणक त्याची नोंद ‘जमीन घटली’ अशी करतो.

ऋतूचंही तसंच. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातलं पानगळीचं जंगल नोव्हेंबरात भरलेलं असतं, एप्रिलमध्ये विरळ. पावसाळ्यात तर ढगांमुळे खालचं काही दिसतच नाही. तेव्हा ढगांच्या आरपार पाहणारे सेंटिनेल-१सारखे रडारचे उपग्रह कामी येतात. पवई तलावावरची जलपर्णीसुद्धा हिरवाईच्या गणितात झाडांसारखीच मोजली जाते.

(पडद्यावर: सुकतीच्या वेळी खाडीतले रोहित पक्षी)

खाडीतला सर्वांत मोठा पेच गाळाचा. गाळ साचून खाडी जिथे उथळ झाली, तिथे खारफुटी पुढे सरकली. आकड्यांत ही वाढ सुखावणारी दिसते. पण रोहित पक्षी चरतात ते उघड्या चिखलात आणि उथळ पाण्यात. २०२२मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलेल्या या खाडीला तिघांचीही गरज आहे: झाडांची, चिखलाची आणि पाण्याची. ‘हरित क्षेत्र’ असा एकच आकडा मुंबईसाठी काढणं मला चुकीचं वाटतं. या तिघांची नोंद वेगवेगळीच ठेवायला हवी.

(पडद्यावर: होडीतून नोंदी घेणारे अभ्यासक)

चित्रातला कुठला ठिपका कशाचा, हे वर्गीकरण संगणकाने केलं की नकाशा घेऊन खाडीत उतरावं लागतं. संगणकाने ‘खारफुटी’ म्हटलेल्या जागी खरंच तिवर, म्हणजे खारफुटीचं झाड, आहे की नुसतं गवत, हे जीपीएस हातात घेऊन बिंदूबिंदूला पाहतात. सोबत होडी हाकणारा कोळी असेल, तर कुठली जागा कधीपासून बुजत गेली तेही तो दाखवतो.

आणि नकाशा छापताना कोपऱ्यात तीन गोष्टी हव्यातच: चित्राची तारीख, घेतल्याची वेळ आणि त्या वेळी भरती किती मीटर होती.