एका खिळ्याची किंमत

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'तुपायाचा नकाशा'. नकाशाकडे येतोच, पण आधी खिळा. खिळ्याशिवाय नकाशा भिंतीवर टांगायचा कसा? (हशा)

आपल्या डोक्यात एक चित्र पक्कं बसलंय : गोऱ्यांनी चकचकीत काहीतरी दाखवलं आणि भोळ्या बेटवाल्यांनी त्यापायी डुकरं देऊन टाकली. माझं भांडण या 'भोळ्या'शी आहे.

जून १७६७. कॅप्टन सॅम्युएल वॉलिसचं 'डॉल्फिन' हे इंग्रजी जहाज प्रशांत महासागरातल्या ताहिती बेटाला लागलं. होड्यांतून दगडफेक झाली, जहाजावरून तोफा सुटल्या, ताहितीची माणसं मेली. पुढचा सगळा बाजार त्या तोफांच्या धाकात भरलाय, हे विसरायचं नाही. पण भाव? तो तोफेने ठरला नाही. डुक्कर आणा, खिळा न्या.

आता ताहितीच्या सुताराच्या जागी बसून बघा. बेटावर धातू नाही. लाकूड तासायचा वाकस बेसॉल्टचा, म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच काळा दगड म्हणा ना. गळ शिंपल्याचे, ते घासायला पोवळं. होडीच्या फळ्यांना भोकं पाडून त्या नारळाच्या काथ्याने शिवायच्या. कोकणातल्यांना काथ्याची शिवण वेगळी सांगायला नको. यात वेळखाऊ काम भोक पाडण्याचं. तेव्हाचा खिळा हाताने घडवलेला, चौकोनी, मऊ लोखंडाचा. दगडावर घासला की पटाशी, दांड्यात बसवला की गिरमिट, वाकवला की गळ. तुम्हाला खिळा दिसतो, त्याला हत्यारांची पेटी दिसते! बरं, वॉलिसच्या आधीच लोखंड तिथे पोचलं होतं. १७२२ साली डच दर्यावर्दी रोखेफेनच्या ताफ्यातलं एक जहाज ताकापोतो बेटाच्या खडकांवर फुटलं, त्याचं लोखंड बेटाबेटांतून फिरत आलं. गिऱ्हाईक माल ओळखून होतं.

मग खलाशांनी याच नाण्यावर शरीरसुख विकत घ्यायला सुरुवात केली आणि नाणं फुगलं. डॉल्फिनवरचा मास्टर, म्हणजे जहाजाची वाट ठरवणारा अधिकारी, जॉर्ज रॉबर्टसन रोजनिशीत वैतागलाय : चार-साडेचार इंची खिळ्यावरून मागणी पाच इंचीवर गेली, काही जणी तर सात-नऊ इंची मागतात. खिळे आणायचे कुठून? जहाजातूनच उपटायचे. दोर अडकवायचे खुंटे सुटले, झोळ्या टांगायचे खिळे गेले, दोन-तृतीयांश माणसं डेकवर झोपायला लागली. जहाजच खिळखिळं होऊन बुडायला आलं, अशी वर्णनं वाचाल, त्यांत मीठमसाला फार. बुडाच्या फळ्या मुख्यतः लाकडी मेखांनी आणि बोल्टांनी धरलेल्या असत, त्या रात्रीत उपटता येत नाहीत.

१७६९ ला इंग्रज कॅप्टन जेम्स कुक ताहितीला आला तो नियम लिहूनच : खाद्यपदार्थांखेरीज कशाच्याही बदल्यात लोखंड द्यायचं नाही. आणि काय झालं? जूनमध्ये अधिकारी शुक्राचं अधिक्रमण, म्हणजे सूर्यबिंबावरून सरकणारा शुक्र, बघायला किनाऱ्यावर, इकडे जहाजावरची कोठी फुटली. एक हंड्रेडवेट, म्हणजे ५० किलोच्या वर मोठे खिळे गायब. खलाशी आर्चिबाल्ड वुल्फकडे त्यातले फक्त सात सापडले. त्याला चोवीस फटके. बाकीचे कुणाच्या होडीला लागले, ते तुम्हीच ओळखा.

१७७४ मध्ये कुक परत आला, तेव्हा ताहितीला खरी हाव होती टोंगाहून आलेल्या लाल पिसांची. ती देवकार्यात लागत. खिळ्याचा तोरा उतरला होता. यात भोळं कोण?

अरे, चिठ्ठी आली, सात मिनिटं. नकाशा!

तुपाया हा ताहितीजवळच्या रायातेआ बेटाचा पुरोहित, नाखवा. जुलै १७६९ मध्ये तो कुकच्या 'एन्डेव्हर'वर चढला आणि कागदावर ७४ बेटं मांडून दिली. अभ्यासकांनी ओळखलेली बेटं पूर्वेला मार्केसासपासून पश्चिमेला रोटुमापर्यंत जातात. नावं बरोबर, जागा चुकलेल्या, असं गोऱ्यांना वाटलं, कारण ते वरची कड म्हणजे उत्तर धरून वाचत होते. मधोमध मात्र 'आवातेआ' लिहिलंय, म्हणजे मध्यान्ह. तिथे वर्षातला बराच काळ मध्यान्हीचा सूर्य उत्तरेला असतो. अलीकडच्या काही अभ्यासकांचं म्हणणं असं : निघायचं बेट कुठलंही असो, उत्तर नकाशाच्या मध्याकडे आहे असं धरायचं आणि त्यावरून पुढच्या बेटाचा कोन मोजायचा. म्हणजे नकाशात चूक नाही, वाचणाऱ्याची उत्तर दिशा चुकली. हे उदाहरणाने दाखवायचं होतं, राहिलं.

ऑक्टोबरात न्यूझीलंडला माओरींशी बोलणं झालं ते तुपायाच्याच तोंडून. भाषा जुळली. तो १७७० ला बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, आजाराने गेला. १७७३ ला कुक पुन्हा न्यूझीलंडला पोचला, तेव्हा किनाऱ्यावरची माणसं विचारत होती : तुपाया कुठे आहे?