आणे आठ

नमस्कार, श्रोतेहो. सातबारा हातात आला की आपली नजर आधी क्षेत्राच्या रकान्यावर जाते. तिथे असतं हेक्टर, आर, चौरस मीटर. आपल्या तोंडात मात्र एकर आणि गुंठा. आणि माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत जे जुनं वाटणीपत्र आहे, त्यात गुंठ्याच्याही खाली आणखी एक माप आहे, आणा. आज या आण्याची गोष्ट.

आधी कोष्टक. सोळा आण्यांचा गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. पुन्हा सांगते, सोळा आण्यांचा गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, एकूण १०८९ चौरस फूट. हे ३३ आले मोजणीच्या साखळीतून. शंकू साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा भाग, आणि त्या भागांनाही आणेच म्हणायचे. साखळीभर लांब आणि एक आणा रुंद अशी पट्टी आखली की झाला क्षेत्राचा एक आणा, ६८ चौरस फूट.

आमच्या घरी आबा आणि बापू, म्हणजे माझे आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ, नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण काय, तर हाच आणा. विहिरीजवळ एक एकराचा तुकडा होता. पणजोबांच्या वाटणीच्या कागदात बापूंच्या नावापुढे लिहिलेलं, ‘विहिरीलगत, आणे आठ.’ बापूंचं म्हणणं सरळ होतं, “रुपयात आठ आणे म्हणजे निम्मं. निम्मं रान माझं.” आणि खरंच, सामाईक जमिनीतला हिस्सा आण्यांत सांगायची पद्धत होतीच की! आबा म्हणायचे, “अरे, आठ आणे म्हणजे अर्धा गुंठा. तेवढाच तुझा.” आता बघा हं, अर्धा एकर म्हणजे वीस गुंठे. एक भाऊ म्हणतोय वीस गुंठे, दुसरा म्हणतोय अर्धा. चाळीस पटींचं भांडण! दिवाळीच्या फराळाचं ताट यायचं ते माझ्या हातून, आणि रिकामं परत जायचं तेही माझ्याच हातून.

शेवटी मोजणी मागवली. मी तेव्हा सातवीत. मोजणीदार म्हातारे होते, डोक्याला उपरणं बांधलेलं. साखळी बैलगाडीतच राहू दिली आणि म्हणाले, “आधी कागद.” कागद चार घड्यांचा, घडीवर विरलेला. त्यांनी तो उन्हाकडे धरला आणि बापूंना जवळ बोलावलं. “घडीवर काय दिसतंय?” बापू म्हणाले, “काही नाही.” “नीट बघा.” घडीच्या रेघेत पुसट झालेली दोन शून्यं होती. एकर शून्य, गुंठे शून्य, आणे आठ. हिस्सा लिहिताना एकर-गुंठ्यांचे रकाने कोण लिहील?

तरी बापू ऐकेनात. “अर्धा गुंठा कुणी वाटून देतं का? त्यात काय पेरायचं?” मोजणीदारांनी उत्तर दिलं नाही. विहिरीच्या थारोळ्यापासून, म्हणजे मोटेचं पाणी जिथे ओततात त्या हौदापासून, साखळी लांब सोडली, मग आडवी आठ आण्यांवर धरली. साखळीभर लांब, आठ आणे रुंद. चारी कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या आणि आम्ही सगळे बघतच राहिलो. ती मोटेची धाव होती, म्हणजे विहिरीतून मोट ओढताना बैल ज्या उतारावरून चालतात ती वाट. बैलांच्या खुरांनी खोल झालेली, उतरती, तेवढीच्या तेवढी. पणजोबांनी धाकट्याला रान दिलं नव्हतं, त्याची मोट कुणी अडवू नये म्हणून धाव दिली होती.

बापू कितीतरी वेळ त्या उतारावर उभे होते. मग म्हणाले, “दादा, मोट सोडून विहिरीवर इंजिन बसवलं त्याला बारा वर्षं झाली की रे.” त्या वर्षी ताट परत गेलं ते भरून. पुढे आम्ही पोरं बापूंकडे गोळ्यांना आठ आणे मागायचो तर विचारायचे, “कुठले? खिशातले की रानातले?”

तसा खिशातला आणा १९५७ साली दशमान नाणी आली तेव्हाच मोडीत निघाला. त्याच्याबरोबर सवायकी, दीडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढेही गेले, याचा मला अजून राग आहे. औटकी म्हणजे साडेतीनाचा पाढा. तो येणारी माणसं बांधावर उभ्या उभ्या क्षेत्र सांगायची. आता मोबाईल काढतात, आणि आधी त्याचा टॉर्चच लागतो. असो.

वेळ थोडा उरलाय. बिघा हे जमिनीचं आणखी एक जुनं माप, त्याचं एवढंच सांगते. शिवकाळात शिवाजी महाराजांचे कारभारी अण्णाजी दत्तो यांच्या जमीन-पाहणीत मोजणीची काठी होती पाच हात पाच मुठींची. वीस काठ्या औरसचौरस तो बिघा, आणि १२० बिघ्यांचा चावर. इतर मुलखांत काठी वेगळी, म्हणून बिघाही वेगळा. बिघ्याचे एकर करायचे तर आधी विचारा, कुठली काठी?

आणि हेक्टर. ‘हेक्टर म्हणजे अडीच एकर’ हे बोलायला ठीक आहे, लिहायला नाही. अडीच एकराचे होतात १०० गुंठे, हेक्टरचे भरतात ९८.८४. सव्वा गुंठ्याला थोडा कमी असा फरक. तसंच आर, म्हणजे शंभर चौरस मीटर, आणि गुंठा. दोघं सख्ख्या भावांसारखे दिसतात, पण गुंठा किंचित मोठा. म्हणून एकराचे आर होतात ४०.४७. पुन्हा सांगते, चाळीस नव्हे, चाळीस पूर्णांक सत्तेचाळीस. जुन्या कागदावर पुरता एक एकर आहे आणि नव्या उताऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, धरूनही नुसते ४० आर दिसतायत, तर ४७ चौरस मीटर कुठे गेले ते विचारा. ४७ चौरस मीटर म्हणजे साधारण पाचशे चौरस फूट, जवळजवळ साडेसात आणे. आमच्या बापूंची धाव त्याहून अर्ध्या आण्यानेच मोठी होती.

नमस्कार.